करवंदाची जाळी हिरवीगार, पण फळ नाही : दर वर्षी घोडं अडतं कुठे?

पक्ष्यांसाठी म्हणून कुंपणाला करवंद लावलं. चार-पाच वर्षांत ते डोक्यावर गेलं, पानं तुकतुकीत, काटे दणकट. मे महिन्यात डोंगरावरच्या जाळ्या काळ्याभोर होतात, बाजारात ‘डोंगरची काळी मैना’ अशी हाळी ऐकू येते, आणि बागेतल्या जाळीत मात्र दहा-बारा करवंदं शोधून काढावी लागतात. मग कुणीतरी खत वाढवायला सांगतं. खत वाढतं, पाणी वाढतं, पुढच्या वर्षी पानं आणखी तुकतुकीत होतात आणि करवंदं आणखी कमी.

बागेतलं करवंद बहुतेक वेळा लाडानेच बिघडतं. त्याचं घर म्हणजे कोकणातला जांभ्याचा सडा, घाटमाथ्यावरचा मुरमाड उतार, माळाची कड. चार महिने धो-धो पाऊस, पाणी वाहून जाईल अशी पातळ माती, आणि ऑक्टोबरनंतर पुढचा पाऊस येईपर्यंत जवळजवळ कोरडं. उन्हाला आडोसा नाही. या कोरड्या काळातच ते फुलतं आणि फळतं. बागेत हा क्रम मोडला की काय होतं, ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

आधी एक काम करा. ‘फळ येत नाही’ या तक्रारीत निरनिराळ्या चार तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. कळीच धरत नाही. फुलं भरपूर येतात पण सगळी गळतात. वाटाण्याएवढं फळ धरून मग गळतं. किंवा फळ नीट वाढतं आणि पिकायच्या वेळी नाहीसं होतं. जानेवारीपासून मेअखेरपर्यंत आठवड्यातून एकदा त्याच चार फांद्यांकडे बघा. या फांद्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा, नाहीतर दर वेळी डोळे फुललेल्या फांदीकडेच जातात. एका हंगामात टप्पा कळतो. तोवर काही फवारू नका, काही घालू नका.

झाड करवंदाचंच आहे ना?

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. रोपवाटिकेत करवंद म्हणून तीन प्रकारची रोपं हाती येतात. पहिलं आपलं डोंगरी करवंद, कॅरिसा कॅरंडस : फूल पांढरं, क्वचित बाहेरून गुलाबी झाक, आडवं मोजलं तर साधारण दोन-तीन सेंटिमीटर, गुच्छात येणारं, फळ आधी हिरवं, मग लालसर, शेवटी काळं. दुसरं त्याच जातीचं, पण कच्चेपणी पांढऱ्या फळावर गुलाबी लाली येणारं, उत्तरेकडे लोणच्या-मुरंब्यासाठी लावतात ते. तिकडे ते पावसाळ्याच्या शेवटी तयार होतं. मे महिन्यात त्याच्यावर काळी करवंदं शोधणाऱ्याची निराशा होणारच. झाडाचा दोष नाही. तिसरं दक्षिण आफ्रिकेतलं शोभेचं करवंद, कॅरिसा मॅक्रोकार्पा : पानं जाड आणि गोलसर, फूल चार-पाच सेंटिमीटरचं, फळ लाल आणि लांबट. सोसायट्यांच्या कडेला छाटून ठेवलेलं दिसतं ते बहुधा हेच. आपल्याकडे ते फुलतं छान, फळतं मात्र कमी. पक्ष्यांच्या बागेसाठी घेतलेलं झाड हे निघालं तर पुढचं सगळं वाचण्यापेक्षा बदलून टाकलेलं बरं.

वयही बघा. बियांपासून केलेलं करवंद पहिलं फळ तिसऱ्या ते पाचव्या वर्षी देतं, सावलीत किंवा कुंडीत असेल तर आणखी उशिरा. कलम किंवा गुटी (झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेलं रोप) लवकर फळते. तीन वर्षांच्या रोपट्यासाठी उपाय शोधण्यात अर्थ नाही.

कळीच धरत नाही

सर्वांत जास्त तक्रारी इथल्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ कात्रीत असतं.

करवंदाचे फुलांचे गुच्छ फांदीच्या शेंड्याला आणि शेंड्याजवळच्या पानांच्या बगलेत येतात. पावसाळ्यात निघालेली नवी फूट नोव्हेंबरपर्यंत पिकते, कडक होते, आणि जानेवारीपासून तिच्या टोकाला कळ्या दिसू लागतात. आता नेहमीच्या बागेत काय होतं? दिवाळीची साफसफाई म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळी कुंपण चौकोनी कापून देतो. जी टोकं फुलणार होती ती सगळी कचऱ्याच्या ढिगावर जातात. झाड पुन्हा फुटतं, पण ही फूट कोवळी असते. दर दोन-तीन महिन्यांनी कापल्या जाणाऱ्या कुंपणावर करवंद दिसलंच तर ते आतल्या, कात्री न पोचलेल्या फांदीवर.

छाटणीची वेळ एकच : फळं संपल्यावर, म्हणजे कोकण-घाटाकडे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टनंतर कात्री लावू नये. पाऊस सुरू असतो, म्हणून दोन-तीन दिवसांची उघडीप बघून कापा. ओल्या जखमेतून करपा हा बुरशीचा रोग शिरतो. वरून सपाट करू नका. जाळीच्या आत हात घालून सर्वांत जुन्या, राखाडी सालीच्या फांद्या बुडापासून काढा. एका वर्षी एकूण फांद्यांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. कुंपण लांब असेल तर या वर्षी रस्त्याकडची बाजू, पुढच्या वर्षी आतली. अशाने एक बाजू दर वर्षी फळती राहते आणि पक्ष्यांचा आडोसाही मोडत नाही. लांब दांड्याची कात्री, कातडी हातमोजे आणि चष्मा हवाच : काटे पुष्कळदा दुबेळके असतात, आणि कापल्यावर येणारा पांढरा चीक डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो.

कापण्याआधी जाळीत वाकून घरटी बघा. बुलबुल, वटवट्या, मुनिया अशा पाखरांना काटेरी जाळी हवीच असते आणि वटवट्याची, मुनियाची वीण तर पावसातच चालते. घरटं दिसलं तर त्याच्या आसपासचा मीटरभर भाग पुढच्या वर्षावर टाका. एका वर्षाने काही बिघडत नाही.

दुसरं कारण पाणी. बागेला ठिबक असतं आणि करवंद त्याच ओळीत येतं. हिवाळाभर मुळाशी ओल राहिली की झाडाला थांबायचं कारणच उरत नाही. ते पालवत राहतं. जमिनीत लावलेल्या, तीन पावसाळे पाहिलेल्या करवंदाचं पाणी ऑक्टोबरअखेर बंद करा. ठिबकची तोटी नुसती बारीक करू नका, खुंटी मारून बंद करा. पानांची चमक जराशी कमी होईल, खालची काही पानं पिवळी पडून गळतील. घाबरून पाणी देऊ नका. कळ्या दिसेपर्यंत हा ताण चालतो. हिरवळीच्या कडेला असलेल्या करवंदाचं मात्र अवघड आहे : हिरवळीला रोज पाणी लागतं आणि करवंदाची मुळं तिथवर पोचतात. अशा जागी एक तर करवंद नको, नाहीतर हिरवळ.

नत्राचंही असंच. महिन्याला शेणखत, वर चिमूटभर युरिया, शिवाय स्वयंपाकघरातलं द्रवखत, असा मारा झाला की पेरं लांब होतात आणि पानं मोठी, मऊ, गडद होतात. डोंगरावरच्या करवंदाचं पान शेजारी धरून बघा, फरक लगेच कळतो. वाढलेल्या झाडाला जूनमध्ये अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत पुरतं. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत काहीही घालू नका. आधी खूप घातलं असेल तर दोन वर्षं पूर्ण बंद ठेवा. उतारा लगेच पडत नाही.

राहिलं ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन ही खालची मर्यादा. आंब्याखाली, उंच भिंतीच्या उत्तरेला करवंद जगतं, लांबट होतं, काटे वाढवतं, पण फुलत नाही. शेजारच्या झाडाची फांदी उतरवून ऊन मिळत असेल तर उतरवा. पाच-सात वर्षांचं करवंद उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका; सोटमूळ तुटतं आणि झाड बहुधा जातं. याच कारणाने डोंगरावरून जाळी खणून आणणंही फुकट आहे, तिथल्या पाखरांचं नुकसान होतं ते वेगळंच.

फुलं भरपूर, पण सगळी गळतात

आधी एवढं लक्षात घ्या की गुच्छातली निम्म्याहून जास्त फुलं गळणं हा करवंदाचा स्वभावच आहे. पांढऱ्या फुलांचा सडा पडला म्हणून बिघाड समजू नका. पाकळ्यांची नळी गळून पडल्यावर देठाशी हिरवा दाणा राहतो का, ते बघा. राहत असेल आणि आठवड्याभरात फुगत असेल तर सगळं ठीक आहे. देठासकट गळत असेल तर पुढे वाचा.

करवंदाच्या फुलाची नळी दीड-दोन सेंटिमीटर लांब आणि फार अरुंद असते. पुंकेसर आणि कुक्षी दोन्ही नळीच्या आत. बाहेरून काहीच दिसत नाही. लांब सोंड असलेला पाहुणाच कामाचा, म्हणजे फुलपाखरं आणि संध्याकाळनंतर येणारे जड अंगाचे, फुलापुढे तरंगत रस पिणारे पतंग. सातेरी मधमाशीची जीभ नळीच्या तळाशी पोचत नाही. तेव्हा जाळीवर माशा गुणगुणतात म्हणजे परागण होतंय, असं धरून चालू नका.

पतंग न येण्याची कारणं बागेतच असतात. कुंपणावर रात्रभर जळणारा पांढरा दिवा हे पहिलं. जानेवारी ते मार्च तो दिवा बंद ठेवा. सुरक्षेसाठी हवाच असेल तर पिवळा, खाली तोंड केलेला आणि चाहुलीने लागणारा लावा. दुसरं कारण डासांसाठी मारला जाणारा धूर आणि आंब्याच्या मोहोरावरची फवारणी. ही दोन्ही नेमकी करवंदाच्या फुलोऱ्याच्या काळात येतात. शेजारच्या आंब्यावर फवारणी टळणार नसेल तर निदान वारा करवंदाकडे नसताना करा. तिसरं कारण जरा वेगळं : पतंग हवेत, पण त्यांच्या अळ्या नकोत, अशी बाग. करवंद ज्या कुळातलं, त्याच कुळातल्या तगरीवर आणि कण्हेरीवर शेपटीकडे शिंग असलेला जाडजूड हिरवा सुरवंट दिसतो. तो चिरडला की पुढचा पतंग गेला. तगर चार दिवसांत पुन्हा पालवते, तिची काळजी नको.

परागणच अडतंय का, याची घरच्या घरी परीक्षा घेता येते. मासे पकडायच्या गळाला लावतात तो बारीक नायलॉनचा धागा घ्या, बोटाएवढा तुकडा कापा. संध्याकाळी नुकत्या उमललेल्या फुलाच्या नळीत तो हलकेच सरळ आत घाला, टेकला की थोडा फिरवा आणि बाहेर काढा. तोच धागा दुसऱ्या झाडाच्या फुलात तसाच घाला. अशी वीस फुलं करा आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधा. शेजारच्या हात न लावलेल्या वीस फुलांना पांढरा दोरा. तीन आठवड्यांनी मोजा. लालवाली धरली आणि पांढरी गळली तर पतंग कमी पडताहेत. दोन्ही गळली तर दोष पाण्याचा, जागेचा किंवा झाडाचा आहे.

झाडाचा म्हणजे असा की बागेत एकच करवंद आहे, किंवा चार आहेत पण चारही एकाच झाडाच्या गुटी आहेत. चार गुटी म्हणजे शेवटी एकच झाड. बियांपासून केलेली दोन-तीन निराळी करवंदं जवळपास असली की फळधारणा सुधारते. बियांची रोपं किती वेगवेगळी निघतात, ते ‘कोंबडा की कोंबडी’ खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं : एका जाळीचं करवंद फोडलं की आत लाल, दुसरीचं फिकं. बागेत हाच भेद हवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात कलमावर मिळते. ती लावायची तर एखादं लावा आणि बाकीची जागा बियांच्या रोपांना द्या.

वाटाण्याएवढं होऊन गळतं

इथे पाण्याचा नियम उलटतो. कळीपर्यंत ताण, फळ धरल्यावर थोडी ओल. खोल जमिनीत गरज पडत नाही, पण पातळ मुरमावर, गच्चीवर किंवा मराठवाडा-विदर्भाच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात फळ वाटाण्याएवढं झाल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी पंधरा-वीस लिटर पाणी द्या. बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली. वर बोटभर जाडीचा पालापाचोळा. कोरड्या मातीत एकदम रोज पाणी सुरू केलं तर फळगळ वाढते, कमी होत नाही.

अवकाळी पावसानंतर फळांवर खोलगट काळे डाग पडून गळ झाली तर तो करपा. त्या वेळी फवारू नका. डागाळलेली आणि फांदीवरच सुकलेली फळं वेचून बागेबाहेर न्या, आणि जूनच्या छाटणीत जाळीच्या आत वारा खेळेल एवढी मोकळीक करा. दर वर्षीच त्रास होत असेल तर छाटणीनंतर लगेच एक टक्का बोर्डो मिश्रणाची एकच फवारणी : मोरचूद दहा ग्रॅम आणि चुना दहा ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र, मिळून एक लिटर. बागेत बेडकांचं डबकं असेल तर त्याच्या आसपास हे नको. मोरचुदातलं तांबं पाण्यातल्या जिवांना बाधतं.

पिठ्या ढेकूण आणि त्याच्या मागे मुंग्या दिसल्या तर पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दोन-तीनदा पुरतो.

पिकायच्या वेळी नाहीशी होतात

ही तक्रार पुष्कळदा सगळ्यांत शेवटी कळते, कारण तोवर झाड ‘फळत नाही’ असंच धरून चाललेलं असतं. बुलबुल आणि कोकीळ करवंद पुरतं काळं व्हायची वाट बघत नाहीत. जाळी जमिनीपर्यंत टेकलेली असेल तर रात्री उदमांजरही येऊन जातं. खाली पडलेल्या अर्ध्या फळांवरून आणि बियांनी भरलेल्या विष्ठेवरून पाहुणा कोण ते कळतं. बाग त्यांच्यासाठीच केली असेल तर इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. घरासाठी हवीत तर लोणच्या-चटणीची कच्ची करवंदं एप्रिलमध्ये आधीच उतरवा आणि पिकलेल्यांसाठी चार-पाच गुच्छांना मलमलीच्या पिशव्या बांधा. झाडावर नायलॉनची जाळी टाकू नका. तिच्यात बुलबुलाचे पाय आणि धामणीचं अंग अडकतं, आणि सकाळी आपल्यालाच ते सोडवत बसावं लागतं.

काळी माती आणि कुंडी

पठारावरच्या काळ्या मातीत करवंदाचं दुखणं पावसाळ्यात सुरू होतं आणि उन्हाळ्यात दिसतं. पाणी तुंबतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. वाळतंय म्हणून पाणी दिलं की उरलंसुरलंही जातं. लावतानाच दीड-दोन फूट उंच, किमान मीटरभर रुंद वरंबा करा, निम्मी माती आणि निम्मा मुरूम. आधीच लावलेलं असेल तर बुंध्यापासून दोन हात लांब, उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढा आणि त्यात दगडगोटे भरा. बुंध्यावर मातीची भर घालू नका. पूर्वीची मातीची पातळी कायम राहू द्या.

कुंडीत फळ हवं तर कुंडी पन्नास-साठ लिटरची हवी. दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं खत. नोव्हेंबर ते जानेवारी वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी, पण कुंडी पूर्ण कोरडी पडू देऊ नका. डोंगरावरच्या झाडाची मुळं कातळाच्या फटीत ओल शोधतात, कुंडीतल्या मुळांना तशी सोय नसते.

झाड बदलायचंच ठरलं तर

मे-जूनमध्ये चार-पाच वेगवेगळ्या जाळ्यांवरची पूर्ण काळी करवंदं आणा. गर खाऊन बी धुवा, सावलीत तासभर निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पेरा. करवंदाचं बी साठवणीत फार लवकर मरतं. डबीत भरून पुढच्या वर्षी पेरलेलं उगवत नाही. पिशवीत एक सेंटिमीटर खोल, दोन-दोन बिया. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला दीड फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात एक घमेलं खत मातीत मिसळून रोप लावा. दोन रोपांत दीड मीटर अंतर, पायवाटेपासूनही तेवढंच. पहिल्या उन्हाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी दहा लिटर पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात वीस दिवसांनी पंधरा लिटर, तिसऱ्यापासून बंद. ही रोपं मोठी होईपर्यंत जुनी न फळणारी जाळी काढू नका; तिच्यात घरटी होतच असतात.